गिऱ्हाइकाशी हसून बोललं की फ्लर्ट केलं?

प्रश्न: "मी २६ वर्षांची. देवबागच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शन आणि बोटिंगचं बुकिंग बघते. साखरपुडा झालाय, लग्न मे महिन्यात. होणारा नवरा डोंबिवलीला असतो. गणपतीत गावी आला तेव्हा न सांगता मला भेटायला रिसॉर्टवर आला. मी पुण्याच्या एका ग्रुपशी हसत बोलत होते, ते त्याने पाहिलं. तेव्हापासून म्हणतो, 'तू गिऱ्हाइकांशी फ्लर्ट करतेस.' वाडीतही कुजबुज आहेच. मी तसलं काही करत नाही. पण खरं सांगायचं तर कोणी गमतीत कौतुक केलं तर कधी कधी मलाही बरं वाटतं. मग तो म्हणतो ते खरं का? फ्लर्ट करणं म्हणजे नेमकं काय, आणि ते वाईटच असतं का?"

तुमच्या 'बरं वाटतं'पासून सुरुवात करते, कारण तेच लिहायला तुम्हाला सगळ्यात जास्त धीर लागला असणार. कोणी चार गोड शब्द बोललं आणि मन सुखावलं तर त्यात बेइमानी काही नाही. साखरपुड्याची अंगठी बोटात गेली म्हणून कान बंद होत नाहीत. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला ऑफिसात कोणी म्हणालं, "आज शर्ट मस्त दिसतोय," तर तोही त्या दिवशी एकदा जास्त आरशात बघेल. बरं वाटणं ही एक गोष्ट झाली. ते पुन्हा पुन्हा वाटावं म्हणून आपण मुद्दाम काही करत राहणं ही दुसरी. माझ्याकडे कुडाळला सल्ल्यासाठी जी जोडपी येतात त्यांची बरीच भांडणं या दोन गोष्टी एकत्र कालवल्यामुळे पेटलेली असतात.

समोरचा माणूस आवडलाय हे सुचवायचं पण उघड म्हणायचं नाही, याला मी फ्लर्ट करणं म्हणते. नजर गरजेपेक्षा जरा जास्त रेंगाळते, चिडवण्यात लाडिकपणा येतो, काम संपलं तरी काहीतरी निमित्त काढून बोलणं लांबवलं जातं. आणि परतीची वाट कायम मोकळी ठेवलेली असते. कोणी हटकलंच तर "छे, मस्करी केली" म्हणता येतं. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये या विषयावर लिहिलं तेव्हा हेच नेमकं पकडलं होतं. 'हो' आणि 'नाही' यांच्या मधल्या जागेत हा खेळ चालतो, आणि निर्णय कुठल्याही बाजूला लागला की खेळ संपतो. लोक त्याच्या या अधांतरीपणावर चिडतात, पण त्याची सगळी सोय त्यातच आहे. कोणाचीही अब्रू न जाता दोघांना एकमेकांचा अंदाज घेता येतो. सरळ जाऊन "मला तू आवडतेस" म्हणायचं, नकार ऐकायचा आणि मग त्याच वाडीत जन्मभर एकमेकांसमोरून पाण्याला जायचं, त्यापेक्षा हे बरं.

हे शहरातून आलेलं फॅडही नाही. इरेनाउस आयबल-आयबेसफेल्ट या ऑस्ट्रियन संशोधकाने १९६० च्या दशकात कॅमेऱ्याला आरशाची लेन्स लावली. बघणाऱ्याला वाटावं की कॅमेरा भलतीकडेच वळलाय. अशा लेन्सने त्याने जगभरच्या माणसांचं चित्रण केलं. भुवया झटकन वर, मग हसू, मग नजर बाजूला किंवा मान खाली, हा क्रम त्याला एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या समाजांत दिसला. सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर कॉलेज सुटायच्या वेळी तो कॅमेऱ्याशिवायही दिसतो.

हेतूही दर वेळी एकच नसतो. डेव्हिड हेनिंग्सन या अमेरिकन संशोधकाने २००४ मध्ये फ्लर्ट करण्यामागचे सहा हेतू मांडले. शरीरसंबंधाची इच्छा हा त्यातला एक. नुसती मजा, समोरच्याचा अंदाज घेणं, आहे ते नातं आणखी जवळ आणणं, स्वतःबद्दल बरं वाटणं आणि काहीतरी काम काढून घेणं हे बाकीचे. गंमत पुढे आहे. तेच वागणं बघून पुरुषांनी पहिला हेतू जास्त वेळा लावला, तर बायकांनी मजा आणि नातं हे हेतू जास्त लावले.

आता तुमच्या त्या दुपारकडे येते. १९८२ मध्ये अँटोनिया अ‍ॅबी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा प्रयोग छापला. एकमेकांना न ओळखणारे एक तरुण आणि एक तरुणी पाच मिनिटं गप्पा मारतात. दुसरे एक तरुण-तरुणी आडून त्या बघतात. मग चौघांना वेगवेगळं विचारायचं की ती मुलगी कशी वाटली. बोलणाऱ्या आणि बघणाऱ्या, दोन्ही पुरुषांना ती मुलगी बायकांना वाटली त्यापेक्षा जास्त भुरळ घालणारी वाटली. ती फक्त नीट, मोकळेपणाने बोलत होती. नंतर इतरांनी केलेल्या अभ्यासांतही साधारण असंच दिसत आलंय. रिसॉर्टच्या दारात उभा असलेला तुमचा होणारा नवरा हा त्या प्रयोगातला आडून बघणारा पुरुष होता. त्यात गणपतीच्या गर्दीत कोकण रेल्वेने रात्रभर उभ्याने आलेला असेल, आणि अचानक भेटून तुम्हाला खूश करायचं त्याच्या मनात असणार. त्याला दिसलं ते खोटं नव्हतं. तुम्ही हसत होतात. त्या हसण्याला त्याने जो अर्थ लावला तो मात्र तुमचा नव्हता.

शिवाय ते हसणं तुमच्या पगारात धरलेलं आहे, हे त्याला कदाचित सुचलंच नसेल. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाबद्दल लिहिताना मांडलं की काही नोकऱ्यांत मालक अंगमेहनतीसोबत भावनाही विकत घेतो. पाय दुखत असले तरी चेहरा प्रसन्न हवा, उद्धट गिऱ्हाइकाशीही गोड बोलायला हवं. सकाळी सातची डॉल्फिनची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली की चिडलेल्या दहा माणसांना नाश्त्याला बसवून हसवणारी मुलगी काम करत असते. तिच्या जागी पुरुष असता तर लोक म्हणाले असते, "मॅनेजर भारी आहे, माणसं सांभाळतो."

मग वाडीला एवढं का टोचतं? कोकणातली माणसं सोवळी आहेत म्हणून म्हणावं, तर तसं अजिबात नाही. संध्याकाळी मासळी बाजारात जा. पन्नाशीची बाई पापलेटांचा वाटा पुढे सरकवत अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणते, "काय रे मेल्या, बायकोक इचारून इलंस काय? घे, तुका म्हणान देतंय." बाजूच्या टोपल्यांमागून हशा येतो, गिऱ्हाईक लाजतं आणि घासाघीस विसरून पैसे काढतं. त्या बाईला कोणी नावं ठेवत नाही. हेच वाक्य तुम्ही काउंटरवरून बोललात तर दिवेलागणीच्या आत ते तुमच्या आईच्या कानावर जाईल.

आपल्या समाजाने थट्टेला जागा नेमून दिल्यात. वयाची आहे, नात्याची आहे, दिवसांचीही आहे. धाकटा दीर वहिनीची फिरकी घेतो, मेव्हणी मेव्हण्याच्या चपला लपवते, आते-मामे भावंडं एकमेकांना लग्नावरून चिडवतात आणि कोणी भुवई उंचावत नाही. त्याच घरात मोठ्या दिरासमोर सून जपून बोलते. रॅडक्लिफ-ब्राउन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये अशा थट्टेच्या नात्यांवर लिहिलं. जिथे जवळीक आणि अंतर दोन्ही सांभाळायचं असतं तिथे समाज थट्टेची मुभा देतो, आणि ज्याची थट्टा होते त्याने रागवायचं नाही असाही दंडक घालतो. शिमग्याचंही तसंच. पालखी घरोघर फिरते त्या दिवसांत एरवी तोंडातून निघणार नाही ते बोललं जातं, पुरुष बाईचं सोंग घेऊन अंगणात नाचतात, म्हातारीकोतारी माणसं खो खो हसतात. पालखी देवळात गेली की ते बोलणंही आवरतं घेतलं जातं.

नमन या आपल्या कोकणी लोकनाट्यातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या, आणि पदर खोचून दोघांना खडे बोल सुनावणारी मावशी. आपण सगळेच त्यावर हसत मोठे झालो. तीच वाट कॉलेजच्या रस्त्यावर कोणी मोटरसायकल आडवी घालून अडवली की पोरगी दुसऱ्या दिवसापासून लांबच्या वाटेने जाते. फरक कुठे पडतो? गवळणीत मावशीला वाट्टेल ते बोलायची मुभा असते, सगळं गाव समोर बसलेलं असतं, आणि खेळ संपला की गवळण झालेला पुरुष साडी सोडून घरी जातो. कोणाचं काही बिघडत नाही. रस्त्यावरच्या मुलीला उलट बोलायला भीती वाटते, बघणारं कोणी नसतं, आणि कळलं तर शाळा-कॉलेज तिचंच सुटतं. मला कोणी विचारतं की हे फ्लर्ट करणं झालं की त्रास देणं, तेव्हा मी शब्द काय वापरले हे नंतर बघते. आधी विचारते, समोरच्या माणसाला काही न गमावता "पुरे" म्हणता येत होतं का? येत असेल तर बऱ्याच चावटपणाला मी हसून सोडून देते. येत नसेल तर अगदी सभ्य वाटणारं कौतुकही मला खटकतं. म्हणून सुपरवायझरने नव्या मुलीला रोज "तू आलीस की ऑफिस उजळतं" म्हणणं आणि बरोबरीच्या सहकाऱ्याने एकदा म्हणणं, यांना मी एकाच मापाने मोजत नाही.

तुमचं काउंटर थट्टेच्या या जुन्या जागांत कुठेच बसत नाही, आणि वाडीची अडचण ही आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि पंचवीस-तीस वर्षांत तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात घराघरात पाहुण्यांच्या खोल्या आल्या. अनोळखी पुरुषाशी दिवसभर हसून बोलणं हे तरुण, अविवाहित मुलीचं रोजचं काम झालं. आधीच्या पिढीतल्या बायकांना या कामाचा अनुभव नाही, त्यामुळे त्या ते हातातल्या जुन्या मापानेच मोजतात. त्यात आपल्याकडच्या गजालींना, म्हणजे गावगप्पांना, मुंबईची शाखा आहे. देवबागला दुपारी कोणी काही पाहिलं तर संध्याकाळी ते डोंबिवलीत पोचतं, वाटेत दोन-चार तपशील वाढवून. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याने त्या दुपारी पाहिलं त्याच्या आधीच त्याने काही ऐकलेलं असण्याची शक्यता मला बरीच वाटते. त्याला ते जरूर विचारा.

पुरुष असा वागला तर लोक 'रंगेल आहे' म्हणून हसतात आणि बाईच्या मात्र लग्नाचा प्रश्न निघतो, यावर पानंच्या पानं लिहिता येतील. तुम्ही ते रोज जगताय, म्हणून सोडून देते.

आता काउंटरच्या कामाचं. गोड बोलणं कमी करू नका, वाक्याचा शेवट मात्र बंद करायला शिका. गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, तुम्हीपण चला ना डॉल्फिन बघायला," तर पुष्कळ मुली हसून "बघू हां" म्हणतात. समोरच्याला दुखवायचं नसतं म्हणून. पण 'बघू'मध्ये दार किलकिलं राहतं, आणि ज्याला ते उघडंच हवंय त्याला तेवढं पुरतं. त्याऐवजी तेच हसू ठेवून म्हणा, "आमचे बोटवाले दादा नेतात, सातला जेट्टीवर या, लाइफ जॅकेट घालावंच लागेल." बोलणं कामावर परत आलं, कोणाचा अपमान झाला नाही. तुमचा नंबर मागितला तर रिसॉर्टचा द्या. रिसॉर्टचा वेगळा फोन नसेल तर मालकाला सांगून घ्यायला लावा, हा तुमच्या लाडाचा नाही, धंद्याच्या खर्चाचा भाग आहे. रात्री साडेदहानंतर आलेल्या "झोपलात का?" या मेसेजला सकाळी उत्तर द्या, तेही बुकिंगपुरतं.

ज्यांना इशारा कळतो त्यांना एवढं पुरतं. ज्यांना कळत नाही असं ते दाखवतात, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी ठाऊक असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये बाईला उद्देशून अश्लील शेरे मारणं हा लैंगिक छळ धरलाय, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नको असताना अंगाला हात लावणं किंवा शरीरसुखाची मागणी करणं याला तीन वर्षांपर्यंत. कलम ७८ पाठलागाचं आहे. बाईने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा गुन्हा आहे. म्हणजे तुमची नापसंती स्पष्ट दिसायला हवी. त्यासाठी एकदा तरी साध्या शब्दांत लिहा, "मला असे मेसेज पाठवू नका," आणि तो मेसेज पुसू नका. गिऱ्हाइकापासून होणारा त्रासही कामाच्या जागेचाच प्रश्न आहे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कामानिमित्त येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून तुम्हाला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर रिसॉर्टची अंतर्गत समिती हवी. आपल्याकडच्या बऱ्याच ठिकाणी तेवढी माणसं नसतात, मग तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तातडीचं असेल तर ११२ वर फोन करा.

हे सगळं वाचून घाबरू नका. तुमच्या पत्रात यातलं काही घडल्याचं दिसत नाही. पुण्याचा तो ग्रुप बहुधा सोलकढी पिऊन खूश होऊन गेला असेल.

राहिला होणारा नवरा. "मी फ्लर्ट करत नाही" हे वाक्य त्याला परत परत सांगू नका. तो अर्थावर भांडतोय आणि तुम्हीही अर्थावरच उत्तर देताय, यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचारा, "मी तुला कशी वाटले ते राहू दे. मी काय केलं ते सांग." तो म्हणेल, "तू हसत होतीस." बरं, आणि? "त्याच्या मोबाइलमध्ये वाकून बघत होतीस." हो, बुकिंगचं पेमेंट गेलं की नाही ते बघत होते. एकेक गोष्ट अशी टेबलावर आली की काही जागीच विरघळतात आणि एखादी उरते. उरलेल्या गोष्टीवर बोलायला तुमचीही तयारी हवी. समजा तो म्हणाला, "गिऱ्हाइकाने तुला इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवली आणि तू घेतलीस, ते मला आवडलं नाही," तर त्यात अरेरावी नाही, त्यावर दोघांनी मिळून ठरवता येईल. असा प्रसंग आला तर मी एकच विचारते. हे तुम्ही त्याच्या शेजारी बसून, स्क्रीन त्याला दिसत असताना, तसंच केलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त करा. हात आपोआप स्क्रीन वळवत असेल तर तिथे थोडं थांबून स्वतःशी बोला. हाच प्रश्न त्यालाही लागू आहे, डोंबिवलीच्या लोकलमधल्या त्याच्या ग्रुपसकट.

त्याचा हेवा मला गैर वाटत नाही. लांब राहणाऱ्या माणसाला तो होतो, आणि नीट बोलला तर त्यातून ओढच कळते. पण बोलणं "मला वाईट वाटलं"वरून "नोकरी सोड", "फोनचा पासवर्ड दे", "पुरुष गिऱ्हाईक आलं की दुसऱ्या मुलीला उभी कर" इथे गेलं तर तो फ्लर्ट करण्याबद्दलचा वाद राहत नाही. तेव्हा लग्नाची तारीख हातात असताना दोन्ही घरच्या मोठ्या माणसांपैकी ज्यांचं डोकं थंड आहे अशा एकाला मध्ये घ्या. आई-वडीलच असायला हवेत असं नाही. बऱ्याच घरांत आत्या किंवा मामा हे काम जास्त चांगलं करतात.

आणि हे फोनवर करू नका, मेसेजवर तर नाहीच. तो दिवाळीला येणार असेल तर त्याला एक अख्खा दिवस रिसॉर्टवर बसवा, सुट्टीच्या गर्दीचा. सकाळच्या बोटीपासून रात्रीच्या चेक-इनपर्यंत. चहा तुम्ही पाजा, पण काउंटर सोडून त्याच्यापाशी बसू नका. बोलणं त्यानंतर, तुमची शिफ्ट संपल्यावर.